कडुनिंब : स्वप्न आणि वास्तव

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कडुनिंबाचा तक्ता हमखास असतो. मधोमध झाडाचे चित्र, चहूबाजूंनी बाण आणि खाली ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक कीटकनाशक, संपूर्ण निर्धोक’. असाच सूर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नीम : अ ट्री फॉर सॉल्व्हिंग ग्लोबल प्रॉब्लेम्स’ या पुस्तकाच्या नावातही आहे. एका झाडाने जगाचे प्रश्न सुटतील, असे हे नाव सुचवते. शिक्षकाने हे पुस्तक जरूर वाचावे. मात्र नावापाशी थांबू नये.

पुस्तकाचे पहिले प्रकरण ‘स्वप्न’ आणि दुसरे ‘वास्तव’ आहे. हा विवेक मोलाचा. कीटकांवरील परिणामांना स्वतंत्र प्रकरण आहे. या संशोधनाचा इतिहासही रंजक आहे. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सारे हिरवे फस्त केले, पण कडुनिंब तसाच उभा राहिला. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटेरर यांनी पाहिले. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी निंबोळीतून अझाडिरॅक्टिन वेगळे केले. हा रेणू इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत तो पूर्णपणे घडवायला २००७ साल उजाडले.

उणीव आहे ती मोजणीत. सुमारे दोनशे जातींच्या कीटकांवर कडुनिंबाचा परिणाम होतो, हा आकडा वाचकाच्या मनात ठसतो. पण परिणाम म्हणजे मृत्यू नव्हे. अझाडिरॅक्टिनमुळे काही कीटक खाणे सोडतात, तर काही अळ्यांना वेळेवर कात टाकता येत नाही. अळी लगेच मरत नाही. तिची वाढ खुंटते. दुपारच्या उन्हात फवारणी करून दुसऱ्या सकाळी जिवंत अळ्या पाहणारा शेतकरी ‘हे औषध खोटे’ म्हणतो आणि पुन्हा जहाल विषाकडे वळतो. सूर्यप्रकाशात हा पदार्थ लवकर विघटित होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी, एवढे साधे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

दुसरा घोटाळा तेल आणि अर्क यांचा. घाण्यावर तेल काढले तरी अझाडिरॅक्टिनचा बराच अंश पेंडीत राहतो. तेल मावा, पांढरी माशी यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर थर धरून काम करते. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून साबण लागतो. प्रमाण वाढले तर पाने करपतात. आपल्याकडचा ५ टक्के निंबोळी अर्क वेगळा : ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून १०० लिटर करायची. तेलाची बाटली आणि हा अर्क यांना तक्त्यावर एकच बाण पुरत नाही. शिवाय झाड, हंगाम आणि साठवण बदलली की निंबोळीचा कसही बदलतो.

आणि ‘निर्धोक’? १९८०च्या दशकाच्या आरंभी मलेशियात तान्ह्या मुलांना कडुनिंबाचे तेल पाजल्याने विषबाधा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. तंबाखूतील निकोटीनही नैसर्गिकच. विष ठरते ते मात्रेवर आणि वापरावर, उगमावर नव्हे.

मग वर्गात काय करावे? सारख्या आकाराची कोबीची पाने घ्यावीत. काही साध्या पाण्यात, काही साबणाच्या पाण्यात, काही साबण घातलेल्या निंबोळी अर्कात बुडवून वाळवावीत. प्रत्येक गटात सारख्या अळ्या सोडून, किती पान खाल्ले गेले ते रोज आलेख कागदावर चौकोन मोजून नोंदवावे. मेलेल्या अळ्या मोजणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी निराश होईल. खाल्लेले पान मोजणाऱ्याला कडुनिंब काय करतो ते कळू लागेल. साबणाच्या पाण्याचा गट का ठेवला, हे मात्र विद्यार्थ्यांनाच विचारावे.

जगाचे प्रश्न सोडवणारे झाड वर्गात न आणता, प्रश्न विचारायला लावणारे झाड आणावे. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाचे नावही तेच सांगते.