अधिक वीस मिनिटे

कविता न येणारा माणूस कवितेचा समीक्षक होऊ शकतो, हे मराठीत केव्हाच मान्य झालेलं आहे. तेव्हा गॅमनवर लिहायला स्वयंपाक यायलाच हवा, असं कोणी म्हणू नये. मी बी.कॉम. आहे, बँकेत आहे; छापील आकडा दिसला की पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एवढी पात्रता पुरे.

भाची लग्न होऊन इंग्लंडात गेली. सासरची आठ माणसं रविवारी जेवायला येणार, आणि बेत सासूबाईंनी परस्पर ठरवलेला. तिनं जमवलेल्या कृतींचा गठ्ठा माझ्याकडे आला: "मामा, यातला हिशोब तेवढा बघून दे."

गॅमन म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचं, मिठात मुरवलेलं पण कच्चं मांस. शिजलं की त्याचंच नाव हॅम. कच्च्याला एक नाव, शिजल्याला दुसरं! इंग्रजाला तांदूळही राईस आणि भातही राईस; भाषेची सगळी श्रीमंती त्यानं या एका तंगडीवर उधळलेली दिसते.

कृती तशी सरळ आहे. मंद आचेवर पाण्यात शिजवायचं, वरची कातडी सोलायची, चरबी मात्र राखायची, तिच्यावर सुरीनं शंकरपाळे आखायचे, प्रत्येक शंकरपाळ्यात एकेक लवंग टोचायची, मोहरी आणि मधाचा लेप द्यायचा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये रंग येईपर्यंत ठेवायचं. वाचूनच भूक लागते. (आमच्या घरात मटणाच्या पुढे मजल गेलेली नाही, हे भाचीला ठाऊक आहे.)

माझा आक्षेप वेळेच्या सूत्राला आहे. दर ४५० ग्रॅमला २० मिनिटे, अधिक २० मिनिटे. हे ४५० म्हणजे जुना पौंड, वरचे साडेतीन-चार ग्रॅम खाल्लेला. दोन किलोच्या तुकड्यावर मी ही चूक काढून पाहिली. बेचाळीस सेकंद निघाली. त्यावर मी भांडणार नाही. पण 'अधिक २० मिनिटे' कशाची? आमच्याकडे याला सर्व्हिस चार्ज म्हणतात, आणि गिऱ्हाईक कारण विचारतं तेव्हा आम्हीही असेच गप्प बसतो.

खरी गोम पुढे आहे. उष्णतेला बाहेरून मध्यापर्यंत जायचं असतं, आणि ती वाट जाडीची असते. सारख्याच जाडीचा पण दुप्पट लांब तुकडा घेतला तर वजन दुप्पट होईल. वेळ नाही होणार. मग सूत्र वजनाचं का? कारण वजन खाटकाच्या पावतीवर असतं, जाडी नसते. कागदावर असेल तेच खरं, हा आमच्याच खात्याचा बाणा स्वयंपाकघरात पाहून मला भरून आलं. मधोमध थर्मामीटर खुपसून पाहा, हे सांगणाऱ्या कृती गठ्ठ्यात दोनच. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्यानं मोजायला शिकवलं, त्यावर माझ्या आईचा संसार झाला. वाटी-चमचा समोर दिसतो, हाताला लागतो. ते माप पावतीवरून काढलेलं नाही.

मिठाचंही तेच. पूर्वी मीठ मांस टिकवण्यासाठी असे, म्हणून रात्रभर भिजत घालणं भाग होतं. खारा बांगडा भिजवणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावायला नको. आता घरोघरी फ्रीज आहे, मीठ बरंचसं चवीपुरतं उरलंय, तरी काही पुस्तकं अजून भिजवतात. पहिली उकळी येऊ द्यावी, पाणी चाखावं, खारट लागलं तर ओतून नवं घालावं, एवढं पुष्कळ वेळा पुरतं.

गठ्ठ्यातली सर्वांत बदनाम कृती नायजेला लॉसनबाईंची, गॅमन कोका-कोलात शिजवण्याची. भाचीनं समासात तीन उद्गारचिन्हं काढली होती. मला मात्र त्यात काही वावगं दिसेना. खारटाला गोड आणि आंबट लावायचं, हे चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला चमत्कारिक का वाटावं?

या साऱ्या वाङ्मयातला मोठा दोष आता सांगतो. तीन तास वाफेत उभी राहते एक बाई. आणि तुकडा टेबलावर आला की सुरी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती, अशी तिथली जुनी चाल. भाचीकडे ती अजून पाळतात. सासऱ्यांनी पातळ, सारखे काप काढले आणि आठही माणसांनी त्यांच्या हाताची तारीफ केली. लवंगा कुणी टोचल्या, हे कुणी विचारलं नाही. एकाही कृतीत 'आता सुरी स्वतःकडेच ठेवा' अशी ओळ नाही. गॅमन ओव्हनमधून काढल्यावर वीस मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे रस आत मुरतो, एवढं मात्र झाडून सगळ्यांनी लिहिलंय. मांसाला विश्रांती आहे.

उरलेल्या पाण्यात सुके वाटाणे शिजवून सूप करायची कृती सर्वांत शेवटी, बारीक टायपात. फारसं काही आणायचं नाही, ओतून द्यायच्या पाण्याचं जेवण होतं, आणि त्यात कुणाला सुरी चालवता येत नाही. मी पहिला नंबर त्या कृतीला दिला, आणि समासात लिहिलं: हिंग राहिला आहे.