कपात झालेली ओळ : विचित्र बातमी आणि काळा विनोद (विशेष संदर्भ : मराठवाडा)

बीजसंज्ञा : विचित्र बातमी, काळा विनोद, कार्यकारणभाव, दुष्काळ, मराठवाडा

प्रस्तावना

वृत्तपत्रातील विचित्र बातमी मोठ्याने वाचून दाखवणे आणि तिच्यावर चारचौघांनी मिळून हसणे हा आपल्या सामाजिक जीवनातील नित्याचा व्यवहार आहे. गावातला पार, बसस्थानकासमोरचे हॉटेल, केशकर्तनालय आणि महाविद्यालयातील प्राध्यापक कक्ष ही या व्यवहाराची परिचित स्थाने होत. अलीकडच्या काळात त्यांत मोबाइलची भर पडली आहे. तथापि, बातमी निवडणारा, ती सांगणारा आणि ऐकून हसणारा ही मूळ रचना बदललेली नाही. या रचनेत सांगण्याची एक कला आहे, श्रोत्यांचा एक गट आहे आणि हास्यासारखा ठळक परिणाम आहे. म्हणजेच वाङ्मयप्रकाराला आवश्यक असलेली बहुतेक लक्षणे तीत आढळतात. विनोदी कथा, लेख व नाटक यांची चिकित्सा मराठी समीक्षेने विपुल केली; या मौखिक व्यवहाराकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एक साधा प्रसंग आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडल्याची बातमी सर्वत्र पसरली होती. तो धनादेशही पुढील तारखेचा होता. आमच्या प्राध्यापक कक्षात ती बातमी प्रस्तुत लेखकाने वाचून दाखवली. धनादेश वटवण्यासाठी बँकेत जायला किती भाडे लागेल, यावर आम्ही सर्व जण हसलो. त्या वेळी शिष्यवृत्तीच्या अर्जावर स्वाक्षरी घेण्यासाठी एक विद्यार्थी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "सर, पट्टीत वाहतूक, हमाली, तोलाई किती कापली तेही वाचा की." ते आकडे वाचले. एक रुपया किलोने ५१२ रुपये झाले होते आणि त्यांतून सुमारे ५०९ रुपये कपात झाली होती. त्यावर तो विद्यार्थीही हसला. आम्ही दोन रुपयांवर हसलो होतो, तो ५०९ रुपयांवर हसला. एकाच बातमीतील या दोन हास्यांमध्ये नेमका कोणता भेद आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना विचार

विचित्र बातमीच्या रचनेचा मूलगामी विचार फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६२ मधील एका निबंधात केला आहे. त्यांच्या मते राजकीय बातमी समजण्यासाठी बातमीबाहेरची पुष्कळ माहिती लागते. विचित्र बातमी मात्र स्वयंपूर्ण असते. तिच्यातील चमत्कृती बहुधा बिघडलेल्या कार्यकारणभावातून किंवा अनपेक्षित योगायोगातून निर्माण होते. क्षुल्लक कारणातून मोठे कार्य घडते, अथवा मोठ्या कारणातून हास्यास्पद कार्य निष्पन्न होते. पाचशे किलो कांद्यातून दोन रुपये निघणे हे याचेच उदाहरण होय. त्याआधी १९०६ साली फेलिक्स फेनेओं यांनी पॅरिसच्या एका दैनिकात अपघात, आत्महत्या, चोऱ्या यांच्या तीन ओळींच्या बातम्या लिहून या प्रकाराला कलेचे रूप दिले होते. 'काळा विनोद' या संज्ञेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली ती आंद्रे ब्रेतों यांच्या १९४० मधील संकलनामुळे.

संज्ञा परकीय असली तरी वस्तू आपल्याला परकी नाही. 'दुष्काळात तेरावा महिना', 'मेल्या म्हशीला मणभर दूध', 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' या म्हणी म्हणजे संकटाच्या तोंडावर केलेला विनोदच होय. २०१५ साली मराठवाड्यात दुष्काळ होता आणि त्याच वर्षी अधिक आषाढही आला. त्या वर्षी ही म्हण अक्षरशः खरी ठरली. या म्हणीतील हास्य उपाशी माणसावर नाही. त्याच्या उपासात आणखी एका महिन्याची भर घालणाऱ्या पंचांगावर आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे 'आत्मस्थ' व 'परस्थ' असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसणे हे आत्मस्थ, दुसऱ्यास हसवणे हे परस्थ. हा भेद हास्य कोणाच्या ठायी आहे याचा आहे. बातमीवरील विनोदाचा विचार करताना त्यास तिसरा प्रश्न जोडावा लागतो : हास्य बातमीतील कोणत्या ओळीवर पडते? प्रस्तुत लेखाचे गृहीतक असे की, विचित्र बातमी आपले कारण कापून टाकते आणि अस्सल काळा विनोद ते कापलेले कारण परत जोडतो.

लातूर, २०१६ : एका शहराच्या विचित्र बातम्या

या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी २०१६ चे लातूर हे सर्वांत समर्पक उदाहरण ठरते. मांजरा प्रकल्प कोरडा पडल्याने शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ नुसार जमावबंदीचा आदेश निघाला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी लातुरात पोहोचली. तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याच आठवड्यात एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी जिल्ह्यातील बेलकुंड येथे हेलिपॅडवर दहा हजार लिटर पाणी मारल्याची बातमी गाजली. मे महिन्यात रेल्वेने पाणी वाहतुकीचे सुमारे चार कोटी रुपयांचे देयक जिल्हा प्रशासनाकडे पाठवले. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, याच भागात अतिवृष्टी होऊन मांजरा धरण भरले आणि पुराच्या बातम्या छापून आल्या.

या पाच-सहा बातम्या देशभर 'अजब' या सदराखाली वाचल्या गेल्या. बाहेरच्या वाचकाला त्यांत रेल्वेने पाणी पिणारे गाव दिसले. खुद्द लातुरात त्या दिवसांत ऐकू येणारा विनोद मात्र वेगळ्या जागी होता. दंगलखोरांसाठी केलेले कलम घागरींना लागू झाले, तेव्हा जामीन घागरीचा घ्यायचा की डोईवर ती घेणारीचा, हा प्रश्न टँकरच्या रांगेत हसत विचारला जाई. विनोद वरवर घागरीवर होता, पण त्याने नेमके हे उघड केले की पाणीप्रश्न कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून हाताळला जात होता. देयकाच्या बातमीवर विनोद झाला तो आकड्यावर नव्हे, पत्त्यावर. तहानलेल्याच्या नावे देयक येते, मग वर्षानुवर्षे पाणी पिऊन गेलेल्यांचे देयक कोणाच्या नावे निघाले, असे लोक विचारत. मराठवाड्यातील वाढते ऊसक्षेत्र, त्यास लागणारे पाणी, शहराचे एकाच धरणावरील अवलंबित्व हे बातमीतून कापले गेलेले संदर्भ अशा एका वाक्यात परत येत होते.

तथापि, संकटात सापडलेल्या माणसाचा प्रत्येक विनोद निर्दोष असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच उन्हाळ्यात लातूरला मुलगी देण्यावरून, आंघोळ न केलेल्या वऱ्हाडावरून आणि रांगेतल्या बायकांच्या भांडणांवरून विनोद होतच होते. ते करणारेही लातूरचेच होते. परंतु पाणी भरण्याचे ओझे ज्यांच्या डोक्यावर होते, त्यांनाच या विनोदांनी लक्ष्य केले. यावरून असे दिसते की, विनोद आतल्याचा आहे की बाहेरच्याचा, एवढ्यावर त्याचे मूल्य ठरत नाही. ते त्याच्या रोखावर ठरते.

नाटक आणि चित्रपट : दोन कलाकृतींची साक्ष

मराठीतील दोन श्रेष्ठ कलाकृती हा रोख कसा सांभाळतात हे पाहणे उद्बोधक ठरेल. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकात मृत भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतात आणि आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतात. मरणासारखी घटना येथे हास्याचा विषय होते, पण प्रेक्षक मृतावर हसत नाही. तो चाळीच्या औपचारिक शोकावर, अंत्यविधीच्या यांत्रिकतेवर हसतो. कीर्तनाच्या रचनेची योजना येथे महत्त्वाची आहे. कीर्तनात निरूपण असते. म्हणजे घटना सांगून थांबता येत नाही, तिचा उलगडा करावा लागतो. विचित्र बातमी जे टाळते, ते कीर्तनाचा आकृतिबंध करावयास भाग पाडतो.

सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाचा विषय विदर्भातील शेतकरी आत्महत्या हा आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर नायकाच्या पत्नीला नवऱ्याच्या प्रत्येक हालचालीचा संशय येऊ लागतो. ती लहान मुलाला त्याच्या मागावर धाडते, त्याला खुशीत ठेवण्यासाठी गोडधोड रांधते. प्रसंग विनोदी आहेत, पण प्रत्येक प्रसंगाच्या मागे पेरणी, बियाणे, वीज आणि उधारी यांचा हिशेब उभा आहे. प्रेक्षकास हसू येते तेव्हाच तो हिशेबही त्याला कळतो. आत्महत्येची एक ओळीची बातमी हा चित्रपट उलट दिशेने, कारणांकडे, वाढवत नेतो. या दृष्टीने प्राध्यापक कक्षाच्या दारातील त्या विद्यार्थ्याची मागणी आणि या चित्रपटाची रीत एकच आहे.

बातमी कारण गिळते तेव्हा

याउलट प्रवासही घडतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ दरम्यान चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. औषधांची उपलब्धता, रिक्त पदे, शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा रुग्णांचा भार यांची चर्चा सुरू झाली. उच्च न्यायालयानेही या घटनेची स्वतःहून दखल घेतली. दरम्यान ३ ऑक्टोबर रोजी एका खासदारांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करावयास लावले आणि त्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले. पाहता पाहता दुसरी, विचित्र बातमी पहिलीवर पसरली. लोक अधिष्ठात्यांच्या हातातील झाडूवर हसले, कोणी खासदारांवर हसले. दोन्ही बाजूंच्या हास्यात बारा अर्भकांची ओळ मात्र मागे पडली. आपणही नांदेड-लातूरचे असून या हास्यात सामील होतो, ही गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. येथे विनोद काळा होता, पण त्याने कोणतेही कारण परत जोडले नाही. त्याने ते झाकले.

२०१८ साली बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात पीकविम्यापोटी अनेक शेतकऱ्यांच्या नावे एक ते पाच रुपये मंजूर झाल्याची बातमी, किंवा जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने स्वतःला औताला जुंपल्याचे चित्रण, यांचे वाचनही याच दोन रीतींनी होऊ शकते. एक रुपयाच्या आकड्यावर हसता येते, तसेच भरलेला हप्ता आणि नुकसान ठरवण्याची पद्धत यांच्या विसंगतीवर हसता येते. औत ओढणाऱ्या माणसाकडे नवल म्हणून पाहता येते, तसेच बैलजोडी आणि मजुरी परवडेनाशी झाल्याचा हिशेब विचारता येतो. गाव, साल आणि हिशेब गाळून बातमी जितकी पुढे पाठवली जाते, तितकी पहिली रीत सोपी आणि दुसरी अवघड होत जाते.

एका आक्षेपाचा विचार येथे करणे क्रमप्राप्त आहे. कारणासह हसले तरी शेवटी हसणेच होते. त्याने संताप विरतो आणि कृती होत नाही, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. विनोदाने धरण भरत नाही. परंतु विनोदाकडून कृतीची नव्हे, साक्षीची अपेक्षा करणे अधिक न्याय्य होय. टँकरच्या रांगेतील त्या वाक्याने २०१६ चा आदेश लोकांच्या स्मरणात राहिला, तेवढे काम कोणत्याही अहवालाने केल्याचे दिसत नाही.

निष्कर्ष

१. विचित्र बातमी सांगणे व तिच्यावर हसणे हा एक मौखिक वाङ्मयप्रकार असून त्याची समीक्षा करता येते.

२. विचित्र बातमीची चमत्कृती कारण गाळण्यातून निर्माण होते. अस्सल काळा विनोद गाळलेले कारण एका वाक्यात परत आणतो.

३. हसणारा संकटाच्या आत आहे की बाहेर, यापेक्षा हास्य बातमीतील कोणत्या ओळीवर पडते, हा निकष अधिक विश्वसनीय ठरतो.

४. बातमी स्थळ, काळ व हिशेब यांच्यासह सांगितली गेल्यास विनोदाचा रोख व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळण्याची शक्यता वाढते. अध्यापकांच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक आहे, कारण आपले हास्य दाराबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना ऐकू जाते आणि ज्यांच्यावर आपण हसतो त्यांच्याच घरांतून ते आलेले असतात.

५. मराठी विषयाच्या पदवी वर्गांत बातमीलेखन शिकवताना, विद्यार्थ्यांना अशी एक बातमी देऊन तिच्यातून काय कापले गेले आहे ते लिहावयास सांगणे हा या विचाराचा साधा व्यावहारिक उपयोग होऊ शकेल. कांद्याची पट्टी त्यासाठी पुरेशी आहे.