'बाहेरचा' कोण ठरवतो?

१९७२ साली रॉजर कार्डिनल यांनी आपल्या पुस्तकाला 'आऊटसायडर आर्ट' हे नाव दिले. गावकुसाबाहेरच्यांना हा शब्द नवा नाही. नाव ठेवणारा नेहमी आत बसलेला असतो! अलाबामातला बिल ट्रेलर १८५३ च्या सुमारास गुलामीत जन्मला. १९३९ च्या सुमारास, म्हातारपणी, मॉन्टगोमेरीच्या रस्त्यावर बसून टाकाऊ पुठ्ठ्यांवर तो चित्रे काढू लागला. चार्ल्स शॅनन या गोऱ्या चित्रकाराने कोरा पुठ्ठा देऊ केला, तरी तो फाटकाच निवडी आणि त्याच्या वेड्यावाकड्या कडांप्रमाणे आकृती वाकवी. ही जाणत्या चित्रकाराची निवड आहे. २०२० मध्ये त्याचे एक चित्र पाच लाखांहून अधिक डॉलरांना विकले गेले. दिवाणखान्यात अशी चित्रे टांगणारे त्यांना 'निरागस' म्हणतात. त्यांत काठ्या उगारलेली माणसे आहेत, पळणारे आहेत, अंगावर धावणारी कुत्री आहेत. मला तरी त्यांत निरागस काही सापडले नाही.