रचनेचे कर्तृत्व : चँडलर यांच्या सिद्धांताचा पुनर्विचार

आल्फ्रेड चँडलर यांच्या ‘स्ट्रॅटेजी अँड स्ट्रक्चर’ (१९६२) या ग्रंथाचा निष्कर्ष अभ्यासकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागील पुराव्याकडे पुन्हा वळण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. उद्योगसंस्था आधी धोरण बदलते व मागाहून त्यास अनुरूप रचना स्वीकारते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या चार अमेरिकन संस्थांच्या इतिहासावर ते उभे आहे, त्यांपैकी ड्यू पाँटचे प्रकरण लक्षपूर्वक वाचले असता मात्र त्यातील अर्थ या सूत्रात पुरता मावत नाही असे दिसून येते.

स्फोटके बनविणाऱ्या या संस्थेतील नोकरांची संख्या पहिल्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५,३०० वरून ८५,००० वर गेली. विस्तारलेल्या यंत्रणेस काम पुरविण्यासाठी भिंतींना व लाकडास लावावयाचे रंग, कृत्रिम चामडे अशा वस्तू हाती घेण्यात आल्या. रचना मात्र जुनीच, म्हणजे उत्पादन, विक्री, खरेदी अशी कार्यवार राहिली. स्फोटके मोठ्या गिऱ्हाइकांस टनावारी विकली जात. रंगाचे डबे असंख्य किरकोळ दुकानदारांमार्फत खपावयाचे. दोहोंचा भार एकाच विक्री विभागावर! रंगाचा खप वाढत होता आणि त्याबरोबर तोटाही. त्याच मालावर लहान कारखानदार मात्र नफा मिळवीत होते. येथे खरा प्रश्न अकार्यक्षमतेचा नव्हता. रंग ही वस्तू आरंभापासून अखेरपर्यंत कोणाचीच नव्हती. तेव्हा तिच्या तोट्याचा जाब कोणास विचारावयाचा? १९२० मध्ये एका उपसमितीने वस्तुवार विभागांची शिफारस केली. अध्यक्ष इरेने ड्यू पाँट यांनी ती मानली नाही. १९२१ च्या पूर्वार्धात स्फोटकांखेरीज इतर मालात तोटा आल्यावर, सप्टेंबरमध्ये ती अमलात आली.

म्हणजे धोरणाचे अपयश दिसावयाचे की नाही, हेही रचनाच ठरवीत होती. रचनेचाही धोरणावर प्रभाव पडतो, हे चँडलर यांनी १९९० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मान्य केले. पण सूत्र जे रूढ झाले ते झालेच.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये याहून पुढचे विधान केले : संस्थेतील संपर्काची जशी घडण, तशीच तिने निर्मिलेल्या वस्तूची घडण होते. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आणि वाढत्या गटाचे गणितही मांडले. पाच माणसांत परस्परसंपर्काचे मार्ग १०, पन्नासांत १,२२५. गट लहान ठेवणे म्हणूनच अपरिहार्य ठरते, आणि सीमारेषा कोठे आखावयाची हा प्रश्न कारभाराचा न राहता वस्तूच्याच रचनेचा होतो. चँडलर यांची दृष्टी विभागप्रमुखाच्या दालनापाशी थांबते. प्रत्यक्ष घडविणाऱ्या हातांपर्यंत ती पोहोचत नाही, ही या मौलिक ग्रंथाची खरी उणीव होय.

वस्तुवार विभागणी हाच अखेरचा उपाय, असे मात्र यावरून मानता येणार नाही. ड्यू पाँटमध्येच १९२७ साली चार्ल्स स्टाइन यांच्या पुढाकाराने मूलभूत संशोधन सुरू झाले, ते कोणत्याही वस्तुविभागात नव्हे, तर मध्यवर्ती रसायन विभागात. वॉलेस कॅरोदर्स तेथे १९२८ मध्ये रुजू झाले. १९३५ मध्ये त्याच प्रयोगशाळेत जे नायलॉन सिद्ध झाले, त्याची मागणी कोणत्याही वस्तुविभागाने केलेली नव्हती.