‘एलीट इल्यूजन’ आणि ताईचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. भाची पाचवीत जाणार होती, गावातल्या झेडपीच्या शाळेत, आणि तालुक्याला नवोदयचा क्लास सुरू होत होता. रोज सकाळी दोन तास, रविवारी सराव पेपर, आणि फी अशी की दोन महिन्यांचे दुधाचे पैसे बाजूला ठेवावे लागणार. "अरे, तुझं संशोधन शाळांवरच चाललंय ना? मग सांग, घालू का हिला?" मी त्याच आठवड्यात कोर्सवर्कसाठी एक पेपर वाचला होता. ऐटीत सांगून टाकलं, "ताई, नावाजलेल्या शाळेने मार्कांत तसा काही फरक पडत नाही. अमेरिकेत सिद्ध झालंय."

माझं उत्तर चुकलं होतं. पेपर मात्र आपल्या जागी बरोबर आहे, आजही. मग चूक नेमकी कुठे झाली, हे आज तुमच्यासमोर मांडतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, आणि ‘परदेशात असं आढळलं, म्हणून आपल्याकडेही’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये फार सहज येतं. माझ्या तर तोंडातून आलं.

तर पेपर असा. अटिला अब्दुलकादिरोलू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांचा ‘द एलीट इल्यूजन’, 2014 साली ‘इकॉनॉमेट्रिका’त आलेला. विषय बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या सरकारी ‘एक्झाम स्कूल्स’. फी नाही, पण प्रवेश परीक्षेवर. बोस्टन लॅटिन स्कूल तर 1635 सालची. न्यूयॉर्कची स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक ही नावं तुम्ही ऐकली असतील. या शाळांतून मोठमोठी माणसं बाहेर पडतात. लेखकांचा प्रश्न एवढाच, की ती शाळेमुळे मोठी होतात, की शाळा आधीच हुशार पोरं निवडते म्हणून तसं दिसतं?

दोन गटांची सरळ तुलना करून हे कळत नाही. निवड झालेली मुलं आधीपासूनच वेगळी असतात. म्हणून लेखकांनी कट-ऑफच्या रेषेला लागून असलेली मुलं घेतली. समजा रेषा 70 वर आहे. 70 मार्कांचं पोरगं आत गेलं, 69 चं बाहेर राहिलं. या दोघांत फरक कसला? एखादा प्रश्न लागला, एखादा हुकला. त्या दिवशी एकाचं पोट दुखत असेल. म्हणजे रेषेजवळ जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखंच होतं. पुढे या दोघांच्या निकालात उडी दिसली तर ती शाळेची. याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. ही रीत 1960 मध्ये थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी पहिल्यांदा वापरली, तीही गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांवरच.

निकाल काय आला? रेषा ओलांडली की आजूबाजूची पोरं एकदम हुशार होतात. सोबत बदलते, पण पुढच्या परीक्षांमधल्या मार्कांत म्हणावी तशी उडी दिसत नाही. राज्याच्या चाचण्या झाल्या, एसएटी झाली, बहुतेक ठिकाणी तेच. म्हणून शीर्षकात ‘इल्यूजन’. पेपर सुंदर आहे, माझ्या मते या विषयावर शिकायला याहून स्वच्छ नमुना क्वचित सापडेल. तक्ते वाचताना वकिलाचा उलटतपास चाललाय असं वाटतं. तुम्ही शंका काढायच्या आधीच त्यांनी ती काढलेली असते.

आता माझी तक्रार. ती लेखकांपेक्षा आपल्यासारख्या वाचकांबद्दल जास्त आहे, पण थोडी लेखकांबद्दलही आहे.

रेषेच्या त्या बाजूला काय आहे, हे आधी बघा. बोस्टनमध्ये परीक्षेच्या शाळा तीन आहेत आणि त्यांची उतरंड आहे. लॅटिन स्कूलची रेषा थोडक्यात हुकलेलं मूल बहुतेक वेळा लॅटिन अकॅडमीत जातं. म्हणजे त्या रेषेवर तुलना एका निवडक शाळेची दुसऱ्या निवडक शाळेशी होते. तळाच्या शाळेच्या रेषेवर साध्या सरकारी शाळेशी होते, पण तीही त्याच शहरातली, शिक्षक आणि लायब्ररी असलेली. नवोदयच्या रेषेपलीकडे काय असतं? जवाहर नवोदय विद्यालय निवासी. सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं तिथे, अभ्यासक्रम सीबीएसईचा. पलीकडे भाचीच्या बाबतीत गावची सातवीपर्यंतची शाळा, पुढे एसटीने हायस्कूल, आणि एसटी बंद पडली की मुलीची शाळा बंद पडते का, हा प्रश्न. बोस्टनमध्ये रेषेवर मुख्यतः सोबत बदलते. नवोदयमध्ये अख्खं आयुष्य बदलतं. एकाचा निकाल दुसऱ्याला लावणं म्हणजे सासूचं माप सुनेच्या चोळीला.

केनियावरचा लुकास आणि एम्बिटी यांचा अभ्यासही 2014 चाच. तिथल्या राष्ट्रीय शाळा सरकारी, बहुतेक निवासी, म्हणजे नवोदयच्या जास्त जवळच्या. तिथेही बारावीसारख्या शेवटच्या परीक्षेत फारसा फायदा दिसला नाही. हे वाचून मला वाटलं, चला, माझं उत्तर वाचलं. पण तिथेही यादीतला पुढचा पर्याय म्हणजे प्रांतीय शाळा, आणि त्यांतल्याही अनेक निवासी. पुन्हा तेच, पलीकडे काय आहे ते.

पण यापेक्षा मोठी गफलत मला फार उशिरा कळली, आणि ती कुठल्याच सेमिनारमध्ये कुणी दाखवली नव्हती. ताईने विचारलं होतं, "क्लासला घालू का?" तिने ‘नवोदयमध्ये घालू का’ असं विचारलंच नव्हतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रेषेच्या अलीकडचं पोर आणि पलीकडचं पोर, दोघांनीही तयारी केलेली असते. दोघांचंही ते वर्ष आकृत्यांच्या मालिका सोडवण्यात गेलेलं असतं. तयारीचा जो काही परिणाम झाला, चांगला किंवा वाईट, तो दोन्ही बाजूंना सारखा. वजाबाकी केली की तो निघून जातो. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल ताई विचारत होती, नेमकी तीच या पद्धतीला दिसत नाही! आणि रेषेपासून लांब खाली राहिलेली जी कितीतरी पोरं असतात, ती तर हिशेबातच येत नाहीत. खर्च मात्र त्यांच्याही घरी झालेला असतो.

नवोदयची परीक्षा डोळ्यांपुढे आणा. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात मानसिक क्षमता चाचणीचे 40 प्रश्न 50 गुणांना, अंकगणित 20, भाषा 20, प्रत्येकी 25 गुणांना. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. सहावीसाठी आयुष्यात एकदाच बसता येतं. आता क्लास काय करणार? जिथे निम्मे गुण तिथे निम्म्याहून जास्त वेळ. पाचवीच्या वर्षात ‘वेगळी आकृती ओळखा’ पाठ झालं, पण परिच्छेद वाचून आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिणं मागे पडलं, कारण भाषेचे प्रश्नही पर्याय निवडायचे. हे नुकसान आहे की नाही? की अपूर्णांक पक्के झाले हा फायदाच? माझं मत नुकसानाकडे झुकतं, विशेषतः लेखनाच्या बाबतीत. पण त्यासाठी तयारी करणाऱ्या आणि न करणाऱ्या मुलांची तुलना लागेल, आणि तिथे रेषा नसते. क्लासला कोण घालतं, हे कुणी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही.

आता कुणाला वाटेल, चला, नवोदयवरच आरडी करू, सिनॉप्सिस तयार. थांबा. इथे रेषा एक नाही. 75 टक्के जागा ग्रामीण, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय सामाजिक आरक्षण. म्हणजे प्रत्येक मुलाची रेषा वेगळी. त्यात ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली लागते. मग तालुक्याला राहून पोराचं नाव शेजारच्या गावच्या शाळेत घालणारे पालक असणारच, तुमच्याही ओळखीत असतील. नियमात बसतं, त्यात गैर काही नाही. पण आरडीचा पाया असा, की आपण रेषेच्या कुठल्या बाजूला पडणार हे कुणाला ठरवता येऊ नये. इथे पालक रेषाच निवडतात, तीही परीक्षेच्या तीन वर्षं आधी. आणि प्रत्येक मुलाचे गुण कुठून आणणार, हा प्रश्न गाइड पहिल्या मिनिटाला विचारतील. त्याचं उत्तर हातात असल्याशिवाय शीर्षक ठरवू नका.

ताईच्या उपयोगाचं खरं तर रोमानियात सापडलं. ख्रिस्तियान पॉप-एलेकेस आणि मिगेल उर्किओला यांचा पेपर, 2013, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’. रीत तीच, रेषेची. पण यांनी नुसते मार्क पाहिले नाहीत, पालकांना आणि मुलांना प्रश्नही विचारले. चांगल्या शाळेत गेलेल्यांचे शेवटच्या परीक्षेचे मार्क थोडे वाढले. पण दोन गोष्टी आणखी दिसल्या. मूल चांगल्या शाळेत लागलं की पालकांची अभ्यासातली मदत कमी झाली, आता शाळा बघेल म्हणून. आणि रेषेला लागून आत गेलेल्या मुलांना आपण इथे सगळ्यांच्या मागे आहोत याची जाणीव झाली, वर्गात बाजूला पडल्यासारखं वाटू लागलं.

दुसरी गोष्ट मानसशास्त्रात जुनी आहे. हर्बर्ट मार्श यांनी 1980 च्या दशकापासून त्यावर भरपूर लिहिलंय. तेवढ्याच हुशार मुलाला हुशारांच्या वर्गात बसवलं की त्याचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं. आपल्याकडे हे उलट्या बाजूने सांगतात, वासरात लंगडी गाय शहाणी. भाची तिच्या वर्गात पहिली येते. नवोदयला लागली तर तालुक्यातालुक्यांतून पहिल्या आलेल्या पोरांत जाऊन बसेल, आणि तिथे कुणीतरी पंचेचाळिसावं येणारच. क्लासमध्ये याची तयारी होत नाही, कारण याला गुण नाहीत.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सगळं ताईला सांगितलं. आधी माफी मागितली, की मी तेव्हा घाईत बोललो. ती म्हणाली, "तुझं ऐकून मी थांबले होते होय? जूनमध्येच घातली तिला." मग मी रोमानियाचं सांगितलं, की हिचा नंबर लागला तरी तुमचं लक्ष कमी होऊ देऊ नका, आणि पहिल्या वर्षी नंबर खाली गेला तर बोलू नका. ताई भाकरी थापत ऐकत होती. मग म्हणाली, "ते जाऊ दे. पहिल्या सहामाहीत पोरगी घरच्या आठवणीने रडली तर काय करायचं, यावर आहे का काही तुमच्यात?"

बोस्टनची मुलं रोज संध्याकाळी घरी येतात. त्या पेपरात यावर एक ओळही नाही.