‘कौटुंबिक अस्मिता’: एका संज्ञेची परीक्षा

घराण्याच्या मालकीच्या उद्योगांविषयीच्या व्यवस्थापनशास्त्रीय लेखनात ‘कुटुंब’ हा जणू एकच, एकमुखाने बोलणारा कर्ता आहे असे गृहीत धरलेले असते. या गृहीताचा परामर्श घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. मराठीत या एका कल्पनेसाठी निदान तीन शब्द आहेत. ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवरची माणसे, ‘घराणे’ म्हणजे नावाची परंपरा आणि ‘भाऊबंद’ म्हणजे वाट्याचे हक्कदार. फाटकावर नाव लागते ते घराण्याचे. तंटा होतो तो भाऊबंदांचा. भागधारकाच्या दृष्टीने हा भेद शाब्दिक नव्हे.

किर्लोस्करांचे उदाहरण बोलके आहे. ‘-कर’प्रत्ययान्त हे आडनाव मुळात ग्रामवाचक, १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी कारखाना वसविल्यावर त्याच आडनावावरून किर्लोस्करवाडी हे नवे ग्रामनाम झाले. पुढे व्यापारचिन्ह म्हणून हे नाव एका स्वतंत्र कंपनीच्या स्वाधीन झाले. वंशाची खूण ही मालमत्ता ठरली. २००९ मध्ये घराण्यात वाटणीचा करार झाला, आणि तो कंपन्यांना बांधतो काय, यावर भावाभावांत वाद माजला. २०२३ मध्ये ‘सेबी’ने नियमच केला: कंपनीच्या नियंत्रणावर परिणाम करणारा करार, कंपनी त्यात पक्षकार नसली तरी, जाहीर झाला पाहिजे. घरातले बोलणे घरातच राहावे, या जुन्या संकेताला हा छेद होय. २०२४ च्या अखेरीस समूहातील काही कंपन्यांना २००९ चा करार उघड करण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली.

तथापि कायद्याचा कोशही अपुराच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ‘नातेवाईक’ या संज्ञेत भाऊ, बहीण, सून, जावई येतात. चुलता, पुतण्या, चुलतभाऊ हे अविभक्त कुटुंबाचे सभासद नसतील तर येत नाहीत. अर्थात जेथे मराठीतील भाऊबंदकी ऐन रंगात येते, तेथेच कायद्याचे नाते संपते.

उलट प्रकार शिरूर-दौंड भागात दिसतो. दौंड तालुक्यातील पाटसचा कारखाना ‘भीमा’, शिरूर तालुक्यातील न्हावऱ्याचा ‘घोडगंगा’. नदी कोणाच्याही घराण्याची नसते. आणि सहकारात एका सभासदास एकच मत. परंतु न्हावऱ्याच्या कारखान्याच्या पूर्ण नावात ‘रावसाहेबदादा पवार’ हेही शब्द आहेत, आणि ‘दादा’ हा नातेवाचक शब्द होय. एकूण सहकारी क्षेत्रातच दादा, आबा, अण्णा ही संबोधने रूढ आहेत. त्यांत जिव्हाळा आहे, नेतृत्वावरील विश्वासही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याला ‘दादा’ म्हणावयाचे, त्याला भर सभेत हिशेब विचारणे जिभेला जड जाते. मालकी सर्वांची असूनही व्याकरण घरचे राहते.

तेव्हा कौटुंबिक अस्मिता ही केवळ भागभांडवलाच्या टक्क्यांत मोजता येणार नाही. भागपत्रावर नसलेले घराणे संबोधनात असू शकते, आणि फाटकावरच्या नावामागे एकसंध कुटुंब नसूही शकते. आपल्या विद्यार्थ्यांनी सभासद-नोंदवहीबरोबर वार्षिक सभेतील संबोधनेही टिपावीत. कोण कोणास काय म्हणतो, हे कळल्यावाचून कोण कोणास जाब विचारू शकतो, हे कळावयाचे नाही.