होमाईबाईंचे फोटो बघायचे राहूनच गेले

मार्च महिना आला की महिला मंडळांच्या भाषणांत एक यादी हमखास असते. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली न्यायाधीश. हल्ली त्या यादीत होमाई व्यारावालांचं नावही येतं, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून. टाळ्या पडतात आणि वक्त्या पुढच्या नावाकडे वळतात. त्या बाईंनी नेमके कोणते फोटो काढले, ते चांगले होते का, त्यांत काय दिसतं, हे कोणी विचारत नाही. ‘पहिली’ म्हटलं की आपलं काम संपतं. माझी तक्रार आहे ती याच सवयीबद्दल.

आपण बडोद्याच्या बायकांना तर हे मुळीच शोभत नाही. होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३चा, नवसारीचा; आणि नवसारी तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होतं. आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षं त्या याच शहरात राहिल्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी इथेच गेल्या. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षात. तोपर्यंत आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक होतं, की बाजारात दिसणाऱ्या या म्हाताऱ्या पारशी बाईंनी १९४७चा ऑगस्ट कॅमेऱ्यात धरून ठेवलाय?

वडील फिरत्या नाटक कंपनीत नट. होमाईबाई मुंबईत शिकल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या, आणि कॅमेरा हातात घ्यायला शिकल्या त्या माणेकशा व्यारावालांकडून. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे काही फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले, कारण बाईचं नाव कोणाला माहीत? नंतर ‘डालडा १३’ हे टोपणनाव आलं. जन्मसाल तेरा, माणेकशा भेटले तेव्हा वय तेरा, आणि पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. गंमत वाटते खरी. पण फोटो आपला आणि खाली नाव दुसऱ्याचं, हे सोसलेल्या बाईची ती गंमत आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेली. तिथून १९७० पर्यंत होमाईबाई साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या. हे आपल्याला माहीत असतं. आता फोटोंकडे वळू.

पहिला फोटो विमानतळावरचा. पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मीबाईंची, वाट बघत उभे आहेत. शेजारी पाटी आहे, फोटो काढायला सक्त मनाई असल्याची. देशाचा पंतप्रधान आणि ती पाटी एकाच चौकटीत! हसू येतंच. पण जरा थांबून बघा. ताटकळत उभा असलेला माणूस आपल्या घरातल्या कोणाहीसारखा दिसतो. स्टेशनवर बहिणीला घ्यायला गेलेला भाऊ असाच उभा असतो. समारंभ अजून सुरू व्हायचाय, हार अजून टोपलीत आहेत, तेव्हाच होमाईबाईंनी बटण दाबलंय. विमान उतरल्यावर भावाने बहिणीला मिठी मारली, तोही फोटो त्यांनी काढलाय, तोही सुंदरच आहे. पण मला विचाराल तर वाट बघणारा जास्त खरा.

दुसरा फोटो विमानातला. नेहरूंच्या स्वतःच्या ओठांत सिगारेट आहे आणि ते एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताहेत. आजच्या काळात हा फोटो काय काय म्हणून फिरवला जातो ते आपण बघतोच. फोटोत मात्र टोमणा कुठेच नाही. एक माणूस दुसऱ्याला सहज मदत करतोय, एवढंच त्यात आहे. कुचेष्टा आपण बाहेरून आणून चिकटवतो.

ही सहजता कुठून आली, याला थोडं हत्यारही कारणीभूत आहे. त्या स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स वापरत. रोलिफ्लेक्स पोटाशी धरायचा असतो आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं असतं. काढणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही, डोळा रोखलेला नसतो, त्यामुळे समोरचा माणूस दबत नाही. एका रोलमध्ये फोटो मिळतात फक्त बारा. स्पीड ग्राफिकला तर प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा पत्रा आणि फ्लॅशचा नवा बल्ब. म्हणजे आधी बघायचं, ठरवायचं, थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. आपण फोनवर एका केकचे चाळीस फोटो काढतो आणि नंतर एकही बघत नाही. हत्यार सोपं झालं म्हणून नजर आपोआप येत नाही हो.

आता मला खटकतं तेही सांगते. नुसती स्तुती करायची तर महिला दिनाचं भाषण पुरलं असतं.

जून १९४७ मधला त्यांचा एक फोटो फार महत्त्वाचा मानतात. फाळणीच्या ठरावावर काँग्रेसचे पुढारी हात वर करून मत देताहेत. खोली, माणसं, वर गेलेले हात. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी अमेरिकन मार्गारेट बर्क-व्हाइट पंजाबात फिरत होत्या. त्यांच्या फोटोंत बैलगाड्या आहेत, खांद्यावर म्हातारी घेऊन चालणारी माणसं आहेत, रस्त्याकडेला बसलेल्या बायका आहेत. दोन्ही बायकांचे फोटो शेजारी ठेवले की इकडे हात दिसतात, तिकडे पाय. ज्या हातांनी ठरवलं आणि ज्या पायांनी ते भोगलं. होमाईबाईंच्या दिल्लीच्या फोटोंत ते पाय फारसे येत नाहीत. त्यांचा कॅमेरा राष्ट्रपती भवन, विमानतळ, मेजवान्या, पाहुणे यांच्यात रमला. कामच तसं होतं, मान्य. पण नेहरू त्यांना फार आवडत, आणि आवडत्या माणसाकडे बघताना कॅमेरा थोडा हळवा होतोच. सत्तेचा थकवा, चिडचिड, चूक या गोष्टी त्या चौकटींत कमी सापडतात. त्यांच्या मुंबईच्या सुरुवातीच्या फोटोंत जे.जे.मधल्या मैत्रिणी, मोकळ्या हसणाऱ्या तरुण मुली दिसतात. दिल्लीत गेल्यावर तशा साध्या बायका मागे पडल्या, ही हळहळ मला वाटते.

तरीही एका बाबतीत मी त्यांच्याच बाजूने उभी राहीन. ३० जानेवारी १९४८ला त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. नवऱ्याने थांबवलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाला, आणि त्या परतल्या. तो क्षण हुकल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. अंत्ययात्रेचे फोटो मात्र त्यांनी काढले, आणि त्यांत मर्यादा आहे. १९७० मध्ये, नवरा गेल्यानंतर वर्षभराने, त्यांनी काम सोडलं. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, माणसांचा मान न ठेवणं त्यांना सहन होईना. आज आपल्याकडे कोणी गेलं तर घरच्यांचं रडणं आवरायच्या आत शेवटच्या दर्शनाचा फोटो चार ग्रुपांवर पोचलेला असतो. पाठवणारे परके नसतात, आपलेच असतात. कधी आपणच असतो. त्या रडणाऱ्या सुनेला विचारलं होतं का कोणी?

मैत्रिणींनो, आता कॅमेरा प्रत्येकीच्या पर्समध्ये आहे. घरातले निम्मे फोटो आपणच काढतो, म्हणून आपणच त्यांत नसतो. हळदीकुंकवाचा फोटो काढणारी वहिनी वीस वर्षांच्या अल्बममध्ये कुठेच सापडत नाही, आणि काढणारी म्हणून तिचं नावही कोणी लिहीत नाही. होमाईबाईंच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव होतं. हिच्या फोटोखाली कोणाचंच नसतं. फोटोमागे तारीख लिहा, माणसांची नावं लिहा, आणि काढणारीचंही लिहा. फोटो काढताना समारंभाच्या आधी जरा पोचा, मागच्या खोलीत कामात असलेल्या बाईकडेही कॅमेरा वळवा, पण तिला विचारून.

आणि पुढच्या मार्चमध्ये यादी वाचायची झालीच, तर होमाईबाईंच्या नावापाशी थांबा. त्यांचा एक फोटो भिंतीवर मोठा करून लावा आणि पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून तो बघा. टाळ्या त्यानंतर.